मोहावी वाळवंटातील सौर प्रकल्प, वन्यजीव आणि ऑफ-रोड वाटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांत पसरलेल्या मोहावी वाळवंटातील सौर प्रकल्पांविषयी वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांमध्ये तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आहेत, सुट्टीत जीप किंवा डर्ट बाइक घेऊन वाळवंटातील कच्च्या, म्हणजे ऑफ-रोड, वाटांवर जाणारे तरुण आहेत आणि सौरऊर्जेकडे आशेने पाहणारे भारतातील वाचकही आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लॉस एंजेलिसहून लास वेगासला जाताना राज्याच्या सीमेजवळ तीन उंच मनोरे दिसतात. ते कशाचे आहेत?

तो इव्हानपाह सौर प्रकल्प आहे. सुमारे ३,५०० एकर सार्वजनिक जमिनीवर पावणेदोन लाखांच्या आसपास हेलिओस्टॅट, म्हणजे सूर्याबरोबर फिरणारे आरसे, उभारलेले असून ते ऊन मनोऱ्यांच्या माथ्यावरील बॉयलरवर एकवटतात आणि त्या वाफेवर वीज तयार होते. बांधकाम ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रकल्पाचे उद्घाटन झाले. मधल्या काळात, २०११ साली, अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक कासवे सापडल्यामुळे प्रकल्पाच्या काही भागातील काम थांबवावे लागले होते. वाळवंटातील सौरऊर्जा आणि वन्यजीव यांच्यातील संघर्ष सर्वसामान्यांच्या नजरेस आला, तो प्रामुख्याने या प्रकल्पामुळे. पुढे उन्हापासून थेट वीज बनवणारी फोटोव्होल्टाइक पॅनेल झपाट्याने स्वस्त झाली आणि त्यानंतरचे बहुतेक प्रकल्प पॅनेलचेच आले, त्यामुळे असे मनोरे फारसे दिसत नाहीत.

२. वाळवंट तर ओसाड असते. तेथे पॅनेल बसवली, तर नुकसान कोणाचे?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, आणि तो प्रामाणिकपणे विचारलेला असतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यायला हवे. मोहावीत उघडी दिसणारी जमीन मृत नसते. तिच्या पृष्ठभागावर सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांनी मिळून विणलेला एक पातळ जिवंत थर असतो, जो माती धरून ठेवतो, नत्र पुरवतो आणि पावसाचे पाणी कुठे मुरेल हे ठरवतो. चाकाखाली किंवा बुलडोझरखाली हा थर एका क्षणात मोडतो आणि पुन्हा तयार व्हायला अनेक दशके लागतात. जनरल पॅटन यांनी १९४२ मध्ये याच प्रदेशात रणगाड्यांचे प्रशिक्षण केंद्र सुरू केले होते. त्या रणगाड्यांच्या खुणा काही ठिकाणी आजही स्पष्ट दिसतात.

येथील वनस्पतींचे आयुष्यही आपल्या कल्पनेपलीकडचे आहे. जॉन्सन व्हॅलीजवळ क्रिओसोट झुडपांचे एक वर्तुळ आहे, जे एकाच मूळ झुडपापासून पसरत गेले असून त्याचे वय सुमारे ११,७०० वर्षे मानले जाते. क्रिओसोटची जुनी झुडपे उपटून त्यांच्या जागी रोपवाटिकेतील रोपे लावली, म्हणजे भरपाई झाली, असे कोणी म्हणत असेल, तर ते मला मान्य नाही.

३. मग कंपन्या याच जागा का निवडतात?

भरपूर ऊन हे एक कारण आहे, पण तेच सर्वांत महत्त्वाचे कारण नाही. हजारो एकरांचा सलग तुकडा एकाच मालकाकडून, म्हणजे केंद्र सरकारकडून, मिळतो; मोठ्या पारेषण वाहिन्या आधीच तेथून जातात; आणि लॉस एंजेलिस, लास वेगास यांसारखी विजेची मागणी असलेली शहरे जवळ आहेत. त्यातच २००५ च्या ऊर्जा कायद्याने सार्वजनिक जमिनींवर दहा वर्षांत १०,००० मेगावॉट अक्षय ऊर्जा उभारण्याचे उद्दिष्ट सुचवले आणि कॅलिफोर्नियाने २०१८ च्या कायद्याने २०४५ पर्यंत किरकोळ विक्रीची सर्व वीज कार्बनमुक्त करण्याचे धोरण ठरवले.

अडचण अशी की पॅनेलसाठी सपाट किंवा अगदी सौम्य उताराची जमीन लागते. डोंगराच्या पायथ्याशी गाळाने बनलेली अशी मैदाने कासवांना बिळे खोदण्यासाठी सोयीची असतात, आणि डोंगरांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटाही तेथूनच निघतात. तिघांनाही हवी आहे ती जमीन एकच आहे.

४. ही जमीन नेमकी कोणाची आहे?

बहुतांश जमीन अमेरिकी जनतेच्या मालकीची असून तिचे व्यवस्थापन ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, हे केंद्रीय खाते करते. आपल्याकडील गायरानाशी तिची तुलना करता येईल : मालकी सरकारदरबारी, वापर अनेकांचा, आणि कोणताही एक नवा वापर आला की जुन्या वापरकर्त्यांचे काय, हा वाद ठरलेला. १९७६ च्या संघीय भूधोरण कायद्याने या जमिनींसाठी बहुविध वापराचे तत्त्व घालून दिले आणि त्याच कायद्याने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटाला स्वतंत्र संवर्धन क्षेत्राचा दर्जा दिला. खाणकाम, चराई, वन्यजीव, मनोरंजन आणि ऊर्जा या सर्वांना त्यात स्थान आहे. मात्र सौर प्रकल्प कुंपण घालून तो तुकडा इतर जवळजवळ सर्व वापरांसाठी बंद करतो, आणि ते एका पिढीपेक्षा अधिक काळासाठी; म्हणून बहुविध वापर हा शब्द त्याला सहज लागू पडत नाही.

५. एका कासवासाठी एवढा आग्रह का?

मोहावीतील वाळवंटी कासव आपल्या आयुष्याचा सुमारे ९५ टक्के काळ बिळात काढते आणि प्रजननक्षम होण्यास त्याला साधारणपणे १२ ते २० वर्षे लागतात. पिल्ले मोठी होण्याचे प्रमाण मुळातच अत्यल्प असते. अशा प्राण्याच्या संख्येत एक मोठे प्रौढ कासव मेले, तर ती जागा भरून निघायला काही दशके जातात. रस्ते, श्वसनमार्गाचा आजार, गवताचे वणवे, दुष्काळ आणि मानवी वस्तीच्या कचऱ्यावर पोसले गेलेले डोमकावळे, जे कासवाची पिल्ले टिपतात, या सर्वांमुळे त्यांची संख्या घटत गेली. १९९० मध्ये केंद्र सरकारने मोहावीतील कासवांना संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याचे संरक्षण दिले, १९९४ मध्ये ६४ लाख एकर क्षेत्र त्यांचा अत्यावश्यक अधिवास म्हणून घोषित झाले, आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य आयोगाने त्यांचा दर्जा आणखी गंभीर श्रेणीत नेण्याच्या बाजूने मत दिले. एवढी वर्षे संरक्षण असूनही प्राण्याची स्थिती सुधारलेली नाही, यातच आग्रहाचे कारण आहे.

शिवाय या कासवाची बिळे खोकड, सरडे, साप आणि बिळात राहणारी घुबडे यांनाही निवारा देतात.

६. कासवे उचलून दुसरीकडे नेऊन सोडता येत नाहीत का?

नेता येतात, आणि नेलीही जातात. पण स्थलांतर म्हणजे सुटका, असा समज अनुभवावर टिकत नाही. कासव आपला परिसर ओळखते, कोणत्या खोलगट जागी पावसाचे पाणी साचते आणि कोणते बीळ उन्हाळ्यात थंड राहते हे त्याला ठाऊक असते. अनोळखी जागी सोडल्यावर अनेक कासवे मूळ ठिकाणाच्या दिशेने चालत सुटतात, आणि त्या भटकंतीत उष्मा, वाहने व शिकारी प्राणी त्यांना गाठतात. कासव मूत्राशयात पाणी साठवून ठेवते. हाताळताना घाबरून त्याने ते सोडून दिले, तर कोरड्या हंगामात ते जिवावर बेतू शकते, म्हणूनच प्रशिक्षित जीवशास्त्रज्ञांशिवाय इतरांनी त्याला उचलण्यास मनाई आहे.

२००८ मध्ये फोर्ट अर्विन या लष्करी तळाच्या विस्तारासाठी शेकडो कासवे हलवण्यात आली. दुष्काळामुळे ससे व उंदीर कमी झाले होते, त्यामुळे कोयोटींनी, म्हणजे कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातील प्राण्यांनी, कासवांवर हल्ले केले आणि मोहीम थांबवावी लागली. तेथील पुढच्या जनुकीय अभ्यासातून आणखी एक गोष्ट समोर आली : स्थलांतरानंतर चार वर्षांनी तपासलेल्या पिल्लांमध्ये बाहेरून आणलेल्या नरांची संतती आढळली नाही. म्हणजे नर जिवंत राहिले, तरी त्या समूहाचा भाग झाले नाहीत. २०२१ मध्ये नेवाडातील पाहरम्प खोऱ्यात यलो पाइन प्रकल्पासाठी हलवलेल्या कासवांपैकी सुमारे ३० कासवे बॅजर या प्राण्याने थोड्याच काळात मारली. तेव्हाही दुष्काळच होता.

याच्या दुसऱ्या बाजूचीही नोंद केली पाहिजे. इव्हानपाह येथे कासवे जवळच्याच अंतरावर, काळजीपूर्वक आणि दीर्घ निरीक्षणाखाली हलवली गेली, तेव्हा त्यांच्या जगण्याचे प्रमाण तेथील मूळच्या कासवांपेक्षा फारसे वेगळे दिसले नाही. यावरून इतकेच म्हणता येते की अंतर, हंगाम आणि पाऊस यांवर सर्व काही अवलंबून असते. दुष्काळाच्या वर्षी कासवे हलवू नयेत, ही अट परवान्यात ठामपणे असली पाहिजे, असे माझे मत आहे, कारण बांधकामाचे वेळापत्रक एक वर्ष पुढे ढकलता येते.

७. कासवाव्यतिरिक्त कोणाला फटका बसतो?

इव्हानपाहच्या मनोऱ्यांभोवती एकवटलेल्या उष्णतेत पक्षी होरपळतात, हे २०१४ पर्यंत स्पष्ट झाले होते. पॅनेलच्या प्रकल्पांत ही होरपळ नसते. तेथे वेगळी शक्यता अभ्यासली जात आहे, ती म्हणजे दूरवर चमकणारी पॅनेल पाण्यासारखी भासून पाणपक्षी त्यांवर उतरण्याचा प्रयत्न करतात. २०१३ मध्ये डेझर्ट सनलाइट प्रकल्पात एक अतिदुर्मीळ पाणकोंबडी मृतावस्थेत सापडली, तेव्हा या शक्यतेकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

जेनेसिस सौर प्रकल्पाच्या परिसरात २०११ मध्ये किट फॉक्स जातीच्या खोकडांमध्ये डिस्टेंपर या विषाणूजन्य आजाराची साथ आली. त्याच सुमारास त्यांना बिळांतून हुसकावण्याचे काम चालू होते. दोन्हींचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नसला, तरी असे काम करताना सावधगिरी बाळगावी, हा धडा त्यातून मिळाला. बिगहॉर्न या रानमेंढ्यांचा प्रश्न जागेपेक्षा जाण्या-येण्याचा आहे. एका डोंगररांगेतून दुसरीकडे जाताना त्यांना मधले सपाट खोरे ओलांडावे लागते, आणि नेमके तेच कुंपणाखाली जाते (प्रश्न १२ पहा). जोशुआ वृक्षांविषयी प्रश्न ११ मध्ये लिहिले आहे.

८. आम्ही जीप घेऊन वाळवंटात कुठेही जाऊ शकतो का?

नाही. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी काढलेल्या आदेशापासून सार्वजनिक जमिनींची विभागणी तीन प्रकारांत केली जाते. खुल्या क्षेत्रांत वाट सोडूनही वाहन चालवता येते, मर्यादित क्षेत्रांत केवळ नकाशावर मंजूर केलेल्या वाटांवरूनच जाता येते, आणि बंद क्षेत्रांत वाहनाला प्रवेश नसतो. मोहावीचा फार मोठा भाग मर्यादित प्रकारात मोडतो. खुली क्षेत्रे मोजकीच आहेत : जॉन्सन व्हॅली, स्टॉडर्ड व्हॅली, स्पँगलर हिल्स, एल मिराज, रेझर आणि ड्युमाँट ड्यून्स. २०१९ च्या डिंगेल कायद्याने या सहाही क्षेत्रांना ऑफ-रोड मनोरंजनासाठी कायमस्वरूपी मान्यता दिली. जाण्यापूर्वी बीएलएमच्या स्थानिक कार्यालयाचा चालू नकाशा पाहावा, कारण मर्यादित क्षेत्रांतील वाटांची यादी न्यायालयीन निकालांमुळे अनेकदा बदलली आहे.

९. ऑफ-रोड वाहनांनीच तर वाळवंटाची नासधूस केली. मग त्यांच्या तक्रारीला किती महत्त्व द्यावे?

नासधूस झाली, हे निर्विवाद आहे. बार्स्टो ते वेगास ही शेकडो मोटारसायकलींची शर्यत कासवाला संरक्षण मिळाल्यावर बंद पडली, आणि ते योग्यच झाले. इम्पीरियल वाळूच्या टेकड्यांमध्ये एका दुर्मीळ वनस्पतीच्या रक्षणासाठी २००० साली सुमारे ४९,००० एकर क्षेत्र वाहनांसाठी बंद करावे लागले. पर्यावरण संघटना आणि ऑफ-रोड संघटना न्यायालयात अनेक वर्षे एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या आहेत.

परंतु त्या जुन्या भांडणामुळे आजची तक्रार खोटी ठरत नाही. मंजूर वाटेवरून शिस्तीने जाणारे कुटुंब आणि मोकाट धुडगूस घालणारा चालक यांना एकाच पारड्यात टाकणे अन्यायाचे आहे. वाटेवरून एक जीप गेल्यावर आजूबाजूचे क्रिओसोट उभेच राहते. सपाटीकरण झालेल्या तीन हजार एकरांत ते राहत नाही. अलीकडे काही प्रकल्पांच्या विरोधात कासवप्रेमी आणि जीपवाले एकाच सुनावणीत एकाच बाजूने बोलले (प्रश्न १२ पहा), ही मला या सगळ्या वादातील सर्वांत आशादायक गोष्ट वाटते.

१०. प्रकल्पामुळे दोन-तीन किलोमीटरची वाट बंद झाली, तर त्यात एवढे काय?

वाटेचे मोल तिच्या लांबीवर ठरत नाही, ती कुठे पोहोचवते यावर ठरते. पायथ्याचे मैदान ओलांडणारी एखादी छोटी वाट कुंपणात गेली, की पलीकडची जुनी खाण, मुक्कामाची जागा, खनिजे व रंगीत दगड गोळा करणाऱ्यांची टेकडी आणि तेथून पुढे जाणारे संपूर्ण वर्तुळ तुटते. अहवालात मात्र बंद होणारी लांबी तेवढीच मोजली जाते, जी पाहून नुकसान किरकोळ भासते. कुंपणाच्या कडेने पर्यायी वाट काढून दिली, तर संपर्क टिकतो, पण ती नवी वाट पुन्हा अस्पर्श जमिनीतूनच काढावी लागते आणि तेथेही कासवे असतातच.

याहून कमी चर्चिला गेलेला मुद्दा भरपाईच्या जमिनींचा आहे. कासवांचा अधिवास गमावल्याची भरपाई म्हणून कंपनीला दुसरीकडे जमीन विकत घेऊन ती संवर्धनासाठी द्यावी लागते किंवा अधिवास सुधारण्यासाठी पैसे द्यावे लागतात. त्या दुसऱ्या जागेतील सुधारणा म्हणजे पुष्कळदा तेथील वाटा बंद करणे, कुंपण घालणे आणि चाकोऱ्या बुजवणे. परिणामी एका प्रकल्पासाठी वाहनचालकांना दोनदा जागा सोडावी लागते : एकदा पॅनेलसाठी आणि एकदा त्या पॅनेलमुळे विस्थापित झालेल्या कासवांसाठी. वन्यजीवांच्या दृष्टीने भरपाई आवश्यकच आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. पण मनोरंजनाचे हे दुहेरी नुकसान मंजुरीपूर्वीच्या अहवालात स्वतंत्रपणे मोजले गेले पाहिजे.

बार्स्टो, लूसर्न व्हॅली किंवा ओव्हर्टनसारख्या छोट्या गावांतील पेट्रोल पंप, खानावळी आणि दुरुस्तीची दुकाने यांना शनिवार-रविवारच्या या वर्दळीचा मोठा आधार असतो, हेही त्याच हिशेबात यायला हवे.

११. खासगी जमिनीवर प्रकल्प आला, तर हे प्रश्न सुटतात का?

काही सुटतात, काही नव्याने उभे राहतात. पूर्वी नांगरलेली आणि नंतर सोडून दिलेली शेतजमीन असेल, तर वन्यजीवांचे नुकसान बरेच कमी असते. परंतु खासगी जमीनही अस्पर्श वाळवंट असू शकते. केर्न काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) बोरॉन गावाजवळच्या अराटिना प्रकल्पाची जमीन खासगीच होती, तरी त्यासाठी हजारो जोशुआ वृक्ष काढण्याची परवानगी मिळाली आणि २०२४ मध्ये त्यावरून मोठा क्षोभ झाला. राज्याने २०२३ मध्ये जोशुआ वृक्षाच्या संरक्षणाचा कायदा केला होता, पण या प्रकल्पाला त्याआधीच मंजुरी मिळालेली होती.

परवाना कोण देतो, हेही येथे महत्त्वाचे ठरते. सॅन बर्नार्डिनो काउंटीने २०१९ मध्ये आपल्या ग्रामीण वस्त्यांच्या मोठ्या क्षेत्रात मोठ्या सौर प्रकल्पांना बंदी घातली. त्यानंतर २०२२ च्या राज्य कायद्याने विकासकांना काउंटी टाळून थेट राज्य ऊर्जा आयोगाकडे अर्ज करण्याचा मार्ग खुला केला. त्यामुळे काउंटीने नकार दिला म्हणून प्रकल्प संपला, असे गृहीत धरू नये.

१२. लोकांच्या विरोधामुळे एखादा प्रकल्प खरोखर थांबला आहे का?

हो. नेवाडातील ओव्हर्टनजवळ मॉर्मन मेसा नावाचे विस्तीर्ण पठार आहे. तेथे ९,००० हून अधिक एकरांवर ८५० मेगावॉटचा बॅटल बॉर्न प्रकल्प प्रस्तावित होता. पठारावर जीप व मोटारसायकल चालवणारे, मुक्कामाला येणारे, पर्यटनावर पोट असणारे स्थानिक व्यावसायिक आणि पठाराच्या कडेला १९६९ साली कोरलेल्या प्रचंड भू-शिल्पाचे चाहते असे अगदी भिन्न लोक एकत्र आले, आणि जुलै २०२१ मध्ये विकासकाने अर्ज मागे घेतला.

कॅलिफोर्नियातील बेकर गावाजवळच्या सोडा माउंटन प्रकल्पाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. ही जागा मोहावी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्राला आणि रेझर ऑफ-रोड क्षेत्राला लागून आहे, आणि महामार्गाने तोडलेला बिगहॉर्न मेंढ्यांचा जुना मार्ग तेथेच पूर्ववत होण्याची शक्यता होती. बीएलएमने २०१६ मध्ये मंजुरी दिली, त्याच वर्षी काउंटीने नकार दिला, आणि काही वर्षांनी प्रस्ताव प्रश्न ११ मध्ये सांगितलेल्या मार्गाने राज्य आयोगापुढे आला.

१३. २०१६ च्या वाळवंट आराखड्याने हा वाद मिटला नाही का?

वाळवंटी अक्षय ऊर्जा संवर्धन आराखडा, म्हणजे डीआरईसीपी, हा वाद मिटवण्याचा आजवरचा सर्वांत गंभीर प्रयत्न आहे. सुमारे आठ वर्षांच्या तयारीनंतर सप्टेंबर २०१६ मध्ये बीएलएमने कॅलिफोर्नियातील एक कोटीहून अधिक एकरांसाठी तो मंजूर केला. त्यात ऊर्जाविकासासाठी ३ लाख ८८ हजार एकर, संवर्धनासाठी सुमारे ६५ लाख एकर आणि मनोरंजनासाठी सुमारे ३६ लाख एकर अशी वाटणी आहे, आणि त्यांतील काही क्षेत्रे एकमेकांवर येतात. प्रत्येक प्रकल्पासाठी नव्याने भांडण्यापेक्षा जागा आधी ठरवाव्यात, ही त्यामागची भूमिका मला पूर्णपणे पटते.

तरीही दोन अडचणी शिल्लक राहिल्या. आराखडा फक्त कॅलिफोर्नियातील केंद्रीय जमिनींना लागू आहे. नेवाडाचा निर्णय २०१२ च्या आणि नंतर डिसेंबर २०२४ मध्ये ११ राज्यांसाठी सुधारलेल्या पश्चिमी सौर योजनेनुसार होतो, ज्यात तीन कोटींहून अधिक एकर जमीन अर्जांसाठी खुली राहते. दुसरी अडचण अशी की संवर्धन क्षेत्रांत किती टक्के जमीन विस्कटलेली चालेल याची मर्यादा घातलेली आहे, आणि ती ०.१ ते १ टक्का इतकी कडक आहे. बेकायदा चाकोऱ्यांमुळे ही मर्यादा भरली, तर वैध वाटांची देखभालही अडू शकते, म्हणून वाट सोडून गाडी घालणारा चालक आपल्याच मंडळींचे नुकसान करत असतो.

१४. झुडपे न काढता पॅनेल बसवता येत नाहीत का?

लास वेगासच्या ईशान्येला २०२४ मध्ये पूर्ण झालेल्या ६९० मेगावॉटच्या जेमिनाय प्रकल्पात असा प्रयत्न झाला आहे. तेथे बऱ्याच भागात सपाटीकरण न करता झुडपे फक्त कापली गेली, मुळे व माती तशीच ठेवली, आणि कासवांना ये-जा करता यावी अशी कुंपणाची रचना केली. पारंपरिक पद्धतीपेक्षा हे निश्चितच चांगले आहे. मात्र कासवाच्या आयुष्याचा विचार करता दोन-चार वर्षांच्या निरीक्षणावर यशाची घोषणा करणे घाईचे ठरेल. वाहनांच्या वाटांचा प्रश्न तर या पद्धतीने मुळीच सुटत नाही, कारण कुंपण मनुष्यासाठी बंदच राहते.

१५. छपरांवर आणि पडीक शेतांत पॅनेल लावली, तर वाळवंट वाचेल ना?

बऱ्याच अंशी वाचेल, पूर्णपणे नाही. कॅलिफोर्नियात २०२० पासून बहुतेक नव्या घरांवर सौर पॅनेल बंधनकारक आहेत. दुसरीकडे एप्रिल २०२३ पासून छपरावरील जास्तीच्या विजेला मिळणारा मोबदला मोठ्या प्रमाणात घटवण्यात आला, आणि हे दोन निर्णय एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जातात. सॅन होआकिन खोऱ्यातील वेस्टलँड्स जलजिल्ह्यात, म्हणजे शेतीला पाणी पुरवणाऱ्या संस्थेच्या क्षेत्रात, पाण्याअभावी व क्षारांमुळे शेतीतून बाहेर पडलेली हजारो एकर जमीन आहे आणि तेथे मोठे सौर प्रकल्प उभे राहिलेही आहेत. अशा जागांना पारेषण वाहिन्या आधी पोहोचवल्या पाहिजेत. वाळवंटातील जमीन स्वस्त दिसते, कारण तिच्या नुकसानीची किंमत कोणाच्याही ताळेबंदात लिहिली जात नाही.

१६. हवामान बदलले, तर कासव आणि जोशुआ वृक्ष तसेही नष्ट होणार नाहीत का?

धोका खरा आहे. वाढती उष्णता आणि लांबणारे दुष्काळ दोघांनाही मारक आहेत, आणि त्यासाठी कोळसा व वायूवरील वीज कमी करणे अपरिहार्य आहे. परंतु ज्या प्रजातीला उष्ण होत जाणाऱ्या प्रदेशात थोड्या उंचावर, थोड्या थंड जागी सरकावे लागणार आहे, तिच्यासाठी सलग आणि अखंड अधिवास पूर्वीपेक्षा अधिक गरजेचा होतो. म्हणून हवामानाच्या कारणासाठी प्रकल्प उभारताना हेच जोडमार्ग तोडणे तर्काला धरून नाही.

१७. अमेरिकेतील सध्याचे सरकार सौर प्रकल्पांना अनुकूल नाही. मग हा वाद आता संपला का?

केंद्रीय जमिनींवरील मंजुऱ्या २०२५ च्या मध्यापासून खूपच मंदावल्या आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये नेवाडातील एस्मेराल्डा सेव्हन या सात प्रकल्पांच्या एकत्रित पर्यावरणीय परीक्षणाची प्रक्रिया रद्द झाली; तथापि विकासकांना स्वतंत्र अर्जांचा मार्ग मोकळा ठेवला गेला. खासगी जमिनी आणि राज्याची प्रक्रिया (प्रश्न ११ पहा) यांवर त्याचा तसा परिणाम होत नाही. शिवाय ज्या कारणाने एक प्रकल्प थांबतो, ते कारण कासव नसून राजकारण असेल, तर राजकारण बदलताच तो परतही येतो. चांगल्या जागा ठरवून ठेवण्यासाठी ही उसंत उपयोगात आणली पाहिजे.

१८. आमची नेहमीची वाट शंभर वर्षांपूर्वीची खाणवाट आहे. ती कंपनीला बंद करता येते का?

१८६६ च्या एका कायद्याने सार्वजनिक जमिनीवर रस्ते काढण्याचा हक्क दिला होता. तो कायदा १९७६ मध्ये रद्द झाला, पण तोपर्यंत प्रस्थापित झालेले हक्क कायम राहिले. म्हणून जुनी वाट असेल, तर काउंटी किंवा राज्य तिच्यावर दावा सांगू शकते. मात्र असे दावे न्यायालयात वर्षानुवर्षे चालतात, वापराचा जुना पुरावा लागतो आणि व्यक्तीला किंवा क्लबला स्वतःच्या नावाने हा हक्क सहसा मागता येत नाही. तेव्हा जुने नकाशे, छायाचित्रे आणि खाणींच्या नोंदी काउंटीच्या रस्ते विभागाकडे वेळेवर सादर करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. निकाल लागेपर्यंत कुंपण तोडून किंवा ओलांडून जाणे हा गुन्हाच आहे.

१९. भारतात असे काही घडते आहे का?

राजस्थान आणि गुजरातमध्ये माळढोकाच्या अधिवासातून सौर व पवन प्रकल्पांच्या वीजवाहिन्या जातात, आणि समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी त्या तारांवर आदळून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये वाहिन्या जमिनीखाली नेण्याचा व्यापक आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये तो सौम्य करून तज्ज्ञ समितीकडे विषय सोपवला. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातून माळढोक जवळजवळ नाहीसा झाल्याचे महाराष्ट्राने पाहिले आहे, त्यामुळे माळरान म्हणजे पडीक जमीन हा सरकारी शिक्का किती महागात पडतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. ऑफ-रोड वाटांचा प्रश्न मात्र भारतात त्या स्वरूपात नाही. तेथे त्याची जागा चराईचा हक्क आणि राजस्थानातील ओरण, म्हणजे गावांनी राखलेली देवराने, यांनी घेतली आहे.

२०. आम्ही अमेरिकेत राहतो, पण नागरिक नाही. आम्हाला हरकत नोंदवता येते का, आणि त्यात काय लिहावे?

येते. बीएलएमच्या पर्यावरणीय अहवालावर हरकती व सूचना पाठवण्यासाठी नागरिकत्वाची अट नसते. हरकती मागवल्या जातात त्या पहिल्याच टप्प्यावर लिहावे, कारण पुढे औपचारिक आक्षेप घेण्याचा अधिकार बहुधा आधी सहभाग घेतलेल्यांनाच मिळतो. केवळ विरोध किंवा पाठिंबा कळवणारी शेकडो एकसारखी पत्रे आली, तरी खात्याला त्यांना तपशीलवार उत्तर द्यावे लागत नाही. ठोस मुद्द्याला मात्र अधिक वजन मिळते. म्हणून वाटेचा अधिकृत क्रमांक, ती कुठून कुठे जाते, कोणत्या हंगामात वापरली जाते, बंद झाल्यास पुढचे कोणते ठिकाण तुटते आणि कुंपणाची रेषा किती सरकवली तर ती वाचेल, हे नकाशासह लिहावे. कासव किंवा त्याचे बीळ दिसले असेल, तर तारीख, जागा आणि दुरून काढलेले छायाचित्र जोडावे. भरपाईची जमीन कोठे घेतली जाणार आहे आणि तेथील कोणत्या वाटा बंद होतील, हा प्रश्न प्रत्येक हरकतीत अवश्य विचारावा, कारण तो विचारला गेला नाही, तर अहवालात त्याचे उत्तर सहसा येत नाही.